रोजच्या ताटातून पुरेसे जस्त कसे मिळवावे?

नाशिकच्या एका ताईंनी विचारले आहे की, त्यांच्या घरी पूर्ण शाकाहार आहे आणि अंडीही चालत नाहीत. चौदा वर्षांच्या मुलीचे केस गळतात आणि नखांवर पांढरे ठिपके दिसतात, म्हणून त्यांनी तिच्या रक्तातील जस्ताची, म्हणजेच झिंकची, तपासणी करून घेतली. अहवालात ६४ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर असा आकडा आला असून शेजारी ‘कमी’ असा शेरा छापलेला आहे. रक्त दुपारी जेवणानंतर दिले होते आणि त्याच आठवड्यात मुलीला तापही येऊन गेला होता. नातेवाईक गोळ्या सुरू करा म्हणतात; ताईंना जेवणातूनच हे भरून निघेल का, ते हवे आहे.

ताई, आपण नमुना कधी दिला आणि आधी ताप होता हे दोन्ही लिहिलेत, हे फार बरे केलेत, कारण या अहवालाचा अर्थ त्या दोन गोष्टींवरच ठरतो. शरीरातील बहुतेक सगळे जस्त स्नायूंत आणि हाडांत असते. रक्तद्रवात त्याचा एक टक्काही नसतो. तेवढ्याशा भागावरून सगळ्या शरीराचा अंदाज बांधायचा असल्यामुळे ही तपासणी मुळातच नाजूक आहे. त्यातच रक्तातील जस्ताची पातळी सकाळपासून दुपारपर्यंत उतरत जाते, जेवणानंतर आणखी खाली येते, आणि ताप किंवा संसर्ग असताना शरीर जस्त यकृताकडे ओढून घेत असल्यामुळे खरी कमतरता नसतानाही आकडा घसरतो. म्हणूनच दहा वर्षांवरील मुली व स्त्रियांसाठी एकच सीमारेषा वापरत नाहीत: सकाळी उपाशीपोटी ७०, सकाळी खाऊन झाल्यावर ६६ आणि दुपारी ५९ अशा तीन वेगळ्या रेषा आंतरराष्ट्रीय पातळीवर मानल्या जातात. प्रयोगशाळेने आपल्या कागदावर बहुधा सकाळच्या उपाशीपोटीचीच रेषा छापली आहे. दुपारच्या रेषेने पाहिल्यास ६४ हा आकडा कमी नाही, आणि तापाचा परिणाम धरला तर काळजी आणखीच कमी होते. पुन्हा तपासायचेच असेल तर ताप जाऊन किमान दोन आठवडे झाल्यावर, सकाळी, काही न खाता रक्त द्यावे.

नखांवरच्या पांढऱ्या ठिपक्यांचा जस्ताशी संबंध जोडण्याची सवय आपल्याकडे फार पसरली आहे. हे ठिपके बहुतेक वेळा नखाच्या मुळाशी बसलेल्या किरकोळ माराचे असतात आणि नख वाढले की पुढे सरकून कापले जातात. केस गळण्याचे म्हणाल, तर या वयाच्या मुलींत मी जस्ताच्या आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (यावरून शरीरातील लोहाचा साठा कळतो) आणि थायरॉइड पाहण्यास सांगेन. पाळी सुरू झालेल्या आणि जेवणाचे नखरे करणाऱ्या मुलीत लोहाची कमतरता हे कारण सापडण्याची शक्यता कितीतरी अधिक असते. ताप येऊन गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात आणि आपोआप थांबतात, हेही लक्षात असू द्यावे.

तरीही आपली काळजी अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही. २०१६ ते २०१८ या काळात देशभर झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींपैकी ३२ टक्क्यांमध्ये जस्ताची कमतरता आढळली होती, तर एक ते चार वर्षांच्या बालकांत हेच प्रमाण १९ टक्के होते. किशोरवयात उंची आणि स्नायू झपाट्याने वाढतात, तीनशेहून अधिक विकरांना, म्हणजे एन्झाइम्सना, जस्त लागते, आणि लोहाचा साठा जसा फेरिटिनच्या रूपात राहतो तशी जस्तासाठी शरीरात वेगळी कोठी नाही. त्यामुळे ते रोजच्या रोज यावे लागते.

किती यावे लागते? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला १७, प्रौढ स्त्रीला १३.२ आणि आपल्या मुलीच्या वयाला सुमारे १३ मिलिग्रॅम जस्त हवे. अमेरिकेतील शिफारस पुरुषांना ११ आणि स्त्रियांना ८ इतकीच आहे. हा फरक पाहून अनेकजण गोंधळतात. आपल्या जेवणाचा मोठा भाग धान्ये आणि डाळी यांचा असतो. त्यांतील फायटेट नावाचे द्रव्य आतड्यात जस्ताला धरून ठेवते आणि ते शोषले न जाता बाहेर पडते. मांस-दूध यांवर भर असलेल्या आहारातून निम्म्यापर्यंत जस्त शोषले जाऊ शकते. फायटेट भरपूर असलेल्या आहारात हे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास उतरते असे जागतिक आरोग्य संघटनेने धरलेले आहे. म्हणून भारतीय शिफारशीत आकडाच वाढवून ठेवला आहे.

माणसांत जस्ताची कमतरता होऊ शकते हे ज्यांनी प्रथम दाखवले ते डॉ. आनंद प्रसाद हे मूळचे बिहारचे. इराणमधील शिराझ येथे त्यांना वाढ खुंटलेले, वयात न आलेले तरुण भेटले, ज्यांचा आहार जवळजवळ सगळा न आंबवलेल्या गव्हाच्या रोटीचा होता आणि ज्यांना माती खाण्याची सवय होती. त्या रोटीत जस्त नव्हते असे नाही. फायटेटमुळे ते शरीराला मिळत नव्हते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इराण व इजिप्तमधून हे मांडले, तेव्हा अनेक तज्ज्ञांचा त्यावर विश्वास बसला नव्हता. आपण घरात कोणता पदार्थ वाढवायचा हा प्रश्न विचारता, तेव्हा तो पदार्थ कसा करायचा हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे, तो याच कारणाने.

आता पदार्थांकडे येऊ. कोरड्या कच्च्या मालाच्या शंभर ग्रॅममागे सांगायचे, तर गव्हाच्या सालासकट पिठात आणि बाजरीत पावणेतीन मिलिग्रॅमच्या आसपास, नागलीत, म्हणजे नाचणीत, अडीच, ज्वारीत दोन आणि पॉलिश केलेल्या तांदळात जेमतेम सव्वा मिलिग्रॅम जस्त असते. हरभरा, मसूर, तूर, मूग, राजमा हे सगळे अडीच ते साडेतीनच्या दरम्यान येतात. शेंगदाण्यांत तीनच्या थोडे वर, काजूत पाचच्या पुढे, आणि तीळ व भोपळ्याच्या बियांत सात ते आठ मिलिग्रॅम मिळते. दुधात शंभर मिलिलिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमहून कमी असते, पण ते चांगले शोषले जाते आणि दिवसभरात दूध-दह्याचे प्रमाण बऱ्यापैकी होते, म्हणून त्याला कमी लेखू नये; पनीरमध्ये हेच जस्त आटून अधिक दाट होते. भाज्यांत आणि फळांत मात्र फारसे काही नसते. आपल्या जिल्ह्यातील द्राक्षबागांना झिंक सल्फेटची फवारणी होते म्हणून द्राक्षांतून जस्त मिळेल असे कोणी समजू नये. ती फवारणी वेलीची गरज भागवण्यासाठी असते.

ज्यांच्या घरी सामिष चालते त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की बकऱ्याच्या मटणात शंभर ग्रॅममागे साधारण चार मिलिग्रॅम असते, कोंबडीत त्याहून बरेच कमी, अंड्यात एका नगाला सुमारे अर्धा मिलिग्रॅम, आणि मांसातील जस्त शोषणाला सोपे असल्यामुळे त्यांना हिशेब फार काटेकोर ठेवावा लागत नाही. आपल्याला ठेवावा लागेल, पण तो अवघड नाही.

किशोरवयीन मुलींच्या ज्या नोंदी माझ्याकडे येतात त्यांत एक ठरावीक दिवस दिसतो: सकाळी पोहे, डब्यात दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी, संध्याकाळी चहा-बिस्किटे किंवा वेफर्स, रात्री वरण-भात, एखादी पोळी आणि एक कप दूध. याची बेरीज सहा मिलिग्रॅमच्या आसपास येते, म्हणजे गरजेच्या निम्मी. पोट मात्र भरलेले असते, त्यामुळे घरात कोणालाच काही कमी पडते आहे असे वाटत नाही.

याच दिवसात मी काय बदलेन ते सांगतो. सकाळी भाजणीचे थालीपीठ आणि वाटीभर दही दिले तर सव्वादोन मिलिग्रॅम होतात. डब्यात तीन पोळ्या आणि चाळीस ग्रॅम कोरड्या कडधान्याची उसळ दिली तर आणखी साडेतीनच्या वर मिळतात. संध्याकाळी मूठभर फुटाणे आणि थोडे शेंगदाणे, गुळासोबत हवे तर गुळासोबत, यांतून दीड. रात्री शंभर ग्रॅम पिठाच्या बाजरीच्या भाकरीतून पावणेतीन, आमटीतून पाऊण, आणि जेवताना दोन मोठे चमचे तिळाची चटणी घेतली तर त्यातून सुमारे एक. दूध आणि भाज्यांचे मिळून सव्वा ते दीड धरले की बेरीज तेरा मिलिग्रॅमच्या किंचित पुढे जाते. यात बाजारातून आणावी लागणारी महागडी अशी एकही वस्तू नाही. भोपळ्याच्या बिया आजकाल सगळीकडे सुचवल्या जातात आणि त्या चांगल्याच आहेत, पण ज्या घरात तीळ आणि शेंगदाण्याचे कूट आहे त्या घराने त्यांच्यासाठी पाकिटामागे शेकडो रुपये मोजलेच पाहिजेत असे नाही.

भोगीच्या दिवशी आपल्याकडे तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि हरभरा, वाल, शेंगदाणे, तीळ घातलेली मिसळीची भाजी करतात. जस्ताच्या दृष्टीने याहून चांगले शाकाहारी ताट मला सुचवता येणार नाही. ते वर्षातून एकदा न होता थंडीच्या दिवसांत आठवड्यातून दोनदा व्हावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

बेरीज पुरी झाली तरी फायटेटचे काय? कडधान्य भिजवून मोड आणले की बीजातील फायटेज हे विकर जागे होते आणि फायटेट मोडायला लागते. मोड आल्याने जस्त ‘वाढते’ असे जे सांगितले जाते ते खरे नाही. जस्त तेवढेच राहते, उलट पाणी शोषल्यामुळे वजनाच्या शंभर ग्रॅममागे ते कमीच दिसते, मात्र त्यातला शरीराला मिळणारा वाटा वाढतो. मटकी, मूग, चवळी, हरभरा आठ-दहा तास भिजवून, पाणी काढून, कापडात बांधून निदान एक दिवस ठेवावे. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत दीड ते दोन दिवस लागतात. मोड एवढे-तेवढे लांब यायची वाट पाहू नये, बारीक कोंब फुटला तरी काम सुरू झालेले असते. आपल्या शहराला मिसळीचे फार कौतुक आहे आणि तिच्यातील मोडाच्या मटकीचे श्रेय तिला दिलेच पाहिजे, पण सोबतचा पाव मैद्याचा आणि वरचे फरसाण तळलेल्या बेसनाचे असल्यामुळे, घरी करताना मटकी दुप्पट आणि पाव निम्मा ठेवावा.

आंबवण्यानेही हेच होते. इडली, डोसा, भिजवलेल्या डाळीचा आंबवून केलेला ढोकळा, ताकात रात्रभर कालवून ठेवलेल्या पिठाची आंबील किंवा धिरडी, या सगळ्यांत फायटेट घटते. सोडा घालून लगेच केलेल्या ढोकळ्याला आणि इन्स्टंट इडलीला हा लाभ नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या भागांत नागली भरपूर खाल्ली जाते. तिला मोड आणून, वाळवून, भाजून दळले तर उत्तम पीठ होते. लहान बाळांसाठी करायचे ‘सत्त्व’ मात्र पुष्कळदा भिजवलेली नागली वाटून, फडक्याने गाळून, चोथा टाकून देऊन केले जाते, आणि त्या चोथ्यासोबत खनिजांचा मोठा भाग जातो. दिसायला ते पांढरे आणि हलके असते, म्हणून आजींना आवडते. बाळ आठ-नऊ महिन्यांचे झाले आणि पचू लागले की मोडाचे न गाळलेले पीठच द्यावे.

इथे एक शंका हमखास येते की फायटेट कोंड्यात असते तर मैदा आणि पांढरा तांदूळच का खाऊ नये. कारण कोंड्यासोबत जस्तही निघून जाते. मैद्यात ते सालासकट पिठाच्या एक तृतीयांशाहून जास्त उरत नाही. उरलेले सगळेच्या सगळे सहज शोषले गेले असे मानले तरी मुळात आहेच थोडे. पीठ न चाळता वापरणे हाच अधिक फायद्याचा व्यवहार ठरतो.

लसणाची चटणी आणि कच्चा कांदा भाकरीसोबत खाण्याच्या आपल्या पद्धतीला प्रयोगशाळेतून एक दुजोरा मिळालेला आहे. मैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात धान्ये आणि डाळींबरोबर कांदा किंवा लसूण घातल्यास त्यांतील लोह आणि जस्त अधिक प्रमाणात मोकळे होते असे दाखवले. हा प्रयोग पचनक्रियेची नक्कल करून काचपात्रात झालेला आहे, प्रत्यक्ष माणसांवर नाही, म्हणून त्यावरून कोणी औषधासारखा लसूण खायला लागू नये. पण लासलगाव-पिंपळगावचा कांदा दारात असताना तो पानात घ्यायला कोणाची हरकत नसावी. लिंबू पिळल्याने लोहाच्या शोषणाला जेवढी मदत होते तेवढी जस्ताला होत नाही. जेवणात दूध, दही किंवा ताक असले तर त्यांतील प्रथिनांची मदत होते. चहाचा उपद्रव लोहाला जास्त आणि जस्ताला फारच थोडा आहे; तरी मुलीचे हिमोग्लोबिन कमी निघाले तर जेवणाच्या आगेमागे तासभर चहा टाळावाच.

बाजरीविषयी आणखी थोडे. इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांवरील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने विकसित केलेला ‘धनशक्ती’ हा बाजरीचा वाण मुद्दाम लोह आणि जस्त वाढवून तयार केलेला आहे. त्यात किलोमागे सुमारे ४० मिलिग्रॅम जस्त असते, म्हणजे नेहमीच्या बाजरीच्या दीडपटीच्या जवळपास. कर्नाटकात बेळगाव भागातील लहान मुलांवर झालेल्या अभ्यासात अशा प्रकारच्या बाजरीतून शरीरात शोषले जाणारे जस्तही साध्या बाजरीपेक्षा अधिक निघाले. येवला, सिन्नर, मालेगाव, नांदगाव या बाजरीच्या पट्ट्यात आपले कोणी नातेवाईक शेती करत असतील तर घरच्या वापरापुरते हे बियाणे लावण्यास त्यांना जरूर सुचवावे. बाजरीचे पीठ लवकर कडू होते, त्यामुळे दळण आठवडाभराचेच आणावे.

उपवासांचाही विचार करावा लागेल, कारण आपल्याकडे चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार असे दिवस मोजले तर ते कमी नसतात आणि मुलीही हल्ली हौसेने धरतात. साबुदाण्यात जस्त जवळजवळ नाहीच. खिचडीत जे काही येते ते शेंगदाण्याच्या कुटातून. त्याऐवजी राजगिऱ्याचे थालीपीठ किंवा भाकरी, भगर आणि शेंगदाण्याची आमटी, सोबत दूध किंवा दही घेतले तर उपवासाचा दिवसही वाया जात नाही.

आता गोळ्यांचे. आपल्या मुलीला हा अहवाल पाहून गोळ्या सुरू कराव्यात असे मला वाटत नाही. जस्ताची प्रौढांसाठीची दैनंदिन सुरक्षित कमाल मर्यादा ४० मिलिग्रॅम आहे आणि किशोरवयात ती त्याहूनही थोडी खाली असते. ५० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक जस्त महिनोन्महिने घेतले तर तांब्याचे शोषण अडते, आणि त्यातून रक्तक्षय, पांढऱ्या पेशी घटणे, हातापायांना मुंग्या येणे अशा तक्रारी उद्भवतात. करोनाच्या काळात गोळ्या सुरू करून पुढे कोणी थांबवायला न सांगितल्यामुळे त्या घेतच राहिलेली माणसे अजूनही भेटतात. दुकानातील गोळीच्या वेष्टनावर ‘झिंक सल्फेट’ किती आणि त्यातून मिळणारे मूळ जस्त किती, हे दोन वेगळे आकडे असतात. दुसरा आकडा पाहावा. केसांसाठीची गोळी, बहुजीवनसत्त्वाची कॅप्सूल आणि वैद्यांनी दिलेले यशद भस्म, म्हणजे जस्ताचेच भस्म, हे तिन्ही एकाच वेळी चालू असेल तर बेरीज कोणीच केलेली नसते.

लोहाची रोजची गोळी द्यावी लागली तर ती आणि जस्ताची गोळी एकाच वेळी देऊ नये, कारण मोठ्या मात्रेत ही दोन्ही खनिजे एकमेकांच्या आड येतात. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणाऱ्या निळ्या लोहगोळीचा मात्र जस्तावर काळजी करण्यासारखा परिणाम होत नाही. ती बंद करू नये. काही प्रतिजैविके जस्तासोबत घेतल्यास त्यांचा परिणाम कमी होतो, म्हणून तशी औषधे चालू असतील तर दोहोंत किती तासांचे अंतर ठेवावे हे डॉक्टरांना विचारावे.

जस्ताच्या गोळीला जिथे निःसंशय स्थान आहे तो प्रसंग वेगळा आहे. लहान मुलांच्या जुलाबात जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००४ पासून क्षारसंजीवनीसोबत (ओआरएस) जस्त देण्याची शिफारस केलेली आहे, आणि आपल्या सरकारी दवाखान्यांत सहा महिन्यांवरील बालकाला रोज २० मिलिग्रॅम आणि दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम अशी चौदा दिवस दिली जाते. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले की आया गोळी बंद करतात, ते करू नये. पुढच्या काही महिन्यांत पुन्हा जुलाब होण्याची शक्यता कमी करण्यासाठी पूर्ण चौदा दिवस लागतात. आशाताईंकडे ती मोफत मिळते.

आपल्या मुलीची उंची गेल्या वर्षभरात वाढली नसेल, पाळी अजून आली नसेल किंवा येऊन थांबली असेल, जुलाब वारंवार होत असतील, पोळी खाल्ल्यावर पोट बिघडत असेल, जखमा चिघळत राहत असतील किंवा चव लागेनाशी झाली असेल, तर मात्र आहार बदलून वाट पाहत बसू नये आणि बालरोगतज्ज्ञांना प्रत्यक्ष दाखवावे. आतड्यातून शोषणच होत नसेल तर ताट कितीही चांगले वाढले तरी पुरत नाही. यांपैकी काही नसेल, तर आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड तपासून घ्यावे, वर लिहिलेला दिवस तीन महिने चालवावा, आणि त्यानंतरही शंका उरली तर जस्ताची तपासणी सकाळी उपाशीपोटी, ताप-सर्दी नसताना, करावी.